नावदुरुस्तीला आलेली माणसं

आमच्याकडं माणूस येतो तो एखाद्या अक्षरासाठी. आडनावातली वेलांटी चुकलीय, जन्मसाल एकानं पुढं गेलंय, बापाच्या नावातला 'राव' कुठंतरी गळून पडलाय. तेवढ्यापायी कुणाचा निराधारचा पगार बंद पडलेला असतो, कुणाचा टॅक्सचा रिफंड अडकलेला असतो, कुणाला भलत्याच माणसाची नोटीस आलेली असते. काम म्हटलं तर चहा गार व्हायच्या आत होणारं. पण सर्व्हर बसलेला असतो, नाहीतर ओटीपी ज्या मोबाईलवर जातो तो मोबाईल जावयाबरोबर पुण्याला गेलेला असतो. मग माणूस समोरच्या खुर्चीवर बसून राहतो आणि बसल्या बसल्या बोलायला लागतो. अक्षर दुरुस्त झालं की तो निघून जातो, बोललेलं मात्र आमच्याकडंच राहतं. असं किती साठलंय, ते आता आमचं आम्हालाही सांगता यायचं नाही.

सेलूला स्टेशन रोडवर आमचं दोन टेबलांचं ऑफिस आहे. एका टेबलावर मी. आधार, पॅन, पेन्शन, योजनांचे अर्ज, नावाच्या दुरुस्त्या, हे सगळं माझ्याकडं. दुसऱ्या टेबलावर मुळे काका. ते इन्कम टॅक्सची रिटर्न भरतात आणि नोटिशींना उत्तरं देतात. नात्यानं ते माझे कुणी नव्हेत, माझ्या वडिलांचे मित्र. वडील गेल्यावर त्यांचं हे दुकान मी चालवायला घेतलं, तेव्हा काका एके सकाळी येऊन म्हणाले, "सुरेखा, माझं एक टेबल टाकू का गं इथं?" ते टेबल अजून तिथंच आहे.

*

गंगाराम हे सेलूतल्याच एका कापसाच्या जिनिंगमधून रिटायर झालेले फिटर. उंच, हडकुळे, उजव्या हाताचं एक बोट अर्धं. रिटायर होताना फंडाच्या पैशातून त्यांचा टॅक्स कापला गेला होता. तो परत मिळणार होता, पण काही केल्या खात्यावर पडेना. मुळे काकांनी शोधलं तेव्हा कळलं की पॅनवर नाव आहे गंगाराम आणि बँकेच्या खात्यावर कंगाराम.

हे कंगाराम आलं कुठून? तर गंगाराम कामाला लागले त्या वेळी जिनिंगचा मॅनेजर कोइमतूरकडचा होता. त्याला आपला ग आणि क सारखाच ऐकू यायचा. त्यानं हजेरीवर कंगाराम लिहिलं, मग पगाराच्या चिठ्ठीवर तेच, फंडाला तेच, बँकेत तेच. पुढं सगळे कामगारही त्यांना कंगारामच म्हणायला लागले.

मी म्हटलं, मग सोपं आहे. बँकेत आधार दाखवू आणि खात्यावरचं नाव गंगाराम करून घेऊ. त्यांनी विचारलं, उलटं करायचं म्हटलं तर? म्हणजे आधारवर आणि पॅनवर कंगाराम करायचं तर काय लागतं?

मी सांगितलं की त्याला प्रतिज्ञापत्र लागतं, राजपत्रात नावबदल छापून आणावा लागतो, परभणीला हेलपाटे होतात, आणि एवढं करून पदरात पडतं काय, तर एक चुकीचं नाव. त्यांची बायको शेजारीच बसली होती. तिनंही विचारलं की आईबापानं ठेवलेलं नाव सोडून साहेबाची चूक जन्मभर कामून मिरवायची.

गंगाराम बराच वेळ हाताकडं बघत बसले. मग म्हणाले, "गंगाराम म्हणून हाक मारणारी समदी गेली. आई गेली, बाप गेला, थोरला भाऊ गेला. पगार कंगारामचा यायचा. पोरी कंगारामनं उजवल्या. मशीनमदी बोट गेलं ते बी कंगारामचंच गेलं."

आम्ही राजपत्राचा अर्ज भरला.

*

शेवंताबाई आमच्याकडं आल्या त्या ट्रॅक्टर घेऊन. रस्त्यावर ट्रॅक्टर उभा केला, चावी कमरेला खोचली आणि आत येऊन खुर्ची ओढून बसल्या. नवरा लवकर गेला. शेत त्या स्वतः कसतात, स्वतः पेरतात, बाजारात कापूसही स्वतःच नेतात. बायकांसाठी दर महिन्याला जे पैसे मिळतात त्याचा अर्ज त्यांनी गावातून भरला होता. तो रिजेक्ट झाला होता. का, ते कुणाला सांगता येत नव्हतं.

मी बघितलं तर आधारवर लिंगाच्या रकान्यात 'पुरुष'. कधीतरी, कुणाच्या तरी बोटानं शेजारचं बटण दाबलं होतं, आणि इतक्या वर्षांत कार्डाच्या त्या कोपऱ्याकडं कुणी पाहिलंच नव्हतं.

मला वाटलं बाई हसतील, नाहीतर चिडतील. त्यांनी दोन्हीतलं काही केलं नाही. त्या सांगायला लागल्या. नवरा गेला तेव्हा सातबाऱ्यावर आपलं नाव लावायला त्या गेल्या होत्या. तर भावकीतल्या लोकांनी हरकत घेतली. बाईमाणूस, शेत कसं करणार, दिराच्या नावावर ठेवा, आम्ही सांभाळतो म्हणाले. दोन पावसाळे त्या त्यासाठी भांडल्या, तेव्हा कुठं नाव लागलं.

"तितं बाई म्हून अडलं," त्या म्हणाल्या. "आता हितं पुरुष म्हून अडायलंय."

दुरुस्ती टाकली. काही दिवसांनी अपडेट झालेलं आधार न्यायला त्या आल्या. मी त्यांना तो रकाना दाखवला, स्त्री. त्यांनी कार्ड लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं, आणि विचारलं, "ह्याच्यानं सातबाऱ्याला परत काही व्हनार न्हाई ना?"

*

रेणुका सेलूचीच, परभणीला एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. पोरगी हुशार, बोलायला मऊ. तिच्या पगारातून जास्तीचा टॅक्स कापायला लागले होते, कारण तिचं पॅन आधारशी जोडलं जात नव्हतं. पॅनवर तिचं नाव वडिलांच्या नावासकट होतं आणि आधारवर आईच्या नावासकट. वडील ती लहान असतानाच दुसरा संसार करून पूर्णेकडं राहायला गेले होते. शाळेचा दाखला जुना, त्यावर वडिलांचं नाव राहिलं आणि पॅन त्या दाखल्यावरच निघालं. आधार काढायला आईनं नेलं, म्हणून तिथं आईचं लागलं.

आता दोन्हीतलं एक करायचं होतं. आई तिच्यासोबत आली होती. आई वडिलांचंच नाव ठेवा म्हणून हटून बसली. उद्या पोरीचं लग्न जमवताना लोक पहिल्यांदा बापाचं नाव विचारतात, तेव्हा काय सांगायचं, असं तिचं म्हणणं. मी सांगितलं, वडिलांचं नाव ठेवायचं असेल तर आधारमध्ये बदल करावा लागेल, आणि त्याला वडिलांच्या कागदाची एक झेरॉक्स मिळाली तर काम सोपं होईल.

पुढच्या सुट्टीला रेणुका एकटीच पूर्णेला गेली. आईला ड्यूटी आहे म्हणून सांगितलं होतं.

परतताना ती सेलूला उतरली आणि सरळ ऑफिसात आली. मी पाणी दिलं. झेरॉक्स मिळाली का विचारलं. तर म्हणाली, घर सापडलं, दार वाजवलं, दार वडिलांनीच उघडलं. तब्येत चांगली होती. चष्मा लागलाय.

मग म्हणाली, "त्यांनी मला विचारलं, कोण पाहिजे? मी म्हटलं, पत्ता चुकला."

माझ्या पुढ्यातला फॉर्म तिनं आपल्याकडं ओढला आणि आईच्या नावापुढं खूण केली.

*

अनसूयाबाई अंगणवाडीत मदतनीस. गाव सेलूपासून थोडं आत. एके दिवशी पोस्टमननं त्यांच्या नावाचं एक पाकीट आणलं. घरी कुणी नव्हतं म्हणून ते गावातल्या किराणा दुकानात ठेवलं. दुकानदाराला थोडंफार इंग्रजी येत होतं, त्यानं ते उघडून वाचलं. टॅक्सची नोटीस होती. पुण्याकडची एक मोठी जमीन विकल्याचं लिहिलं होतं, आणि त्यावर टॅक्स का भरला नाही असं विचारलं होतं. अनसूयाबाई अंगणवाडीतून घरी पोचायच्या आत गावभर झालं होतं की बाईची पुण्याला जमीन होती.

त्या रडतच आमच्याकडं आल्या. मुळे काकांनी नोटीस वाचली, कॉम्प्युटरवर तपासलं. त्या जमिनीच्या व्यवहारात विकणाऱ्याचा पॅन नंबर लिहिताना एक अक्षर चुकलं होतं, आणि तो चुकलेला नंबर नेमका अनसूयाबाईंचा होता. काकांनी त्यांना धीर दिला. हा व्यवहार आपला नाही असं उत्तर टाकू, थोडे दिवस जातील, पण निघेल, म्हणाले.

उत्तर तयार होतं, पाठवायचं बाकी होतं, तेवढ्यात अनसूयाबाई परत आल्या. आता रडत नव्हत्या, पण काकांच्या टेबलापुढं घुटमळत उभ्या राहिल्या. त्यांची मुलगी लग्नाची होती. मानवतकडचं एक स्थळ पाहून गेलं होतं आणि मग काही निरोप नव्हता. नोटिशीची बातमी फिरल्यावर त्याच लोकांचा फोन आला होता. रविवारी बैठकीला येतो म्हणाले.

"काका, ते उत्तर जरा सावकाश घेता येईल का?" त्यांनी विचारलं.

काकांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, मुदत आहे, मी सावकाश घेईन. पण लग्न झाल्यावर पोरीला कुणी विचारलं, पुण्याच्या जमिनीचा पैसा कुठं गेला, तर तिनं काय सांगायचं? अनसूयाबाई तशाच निघून गेल्या. काका दिवसभर अस्वस्थ होते. आपण बोललो ते बरोबर की चूक, असं मला दोनदा तरी विचारलं.

सोमवारी त्या आल्या. खुर्चीवर बसल्या, पदरानं चेहरा पुसला आणि बैठकीत काय झालं ते सांगितलं. पाव्हणे आले, पोहे झाले, चहा झाला. देण्याघेण्याचं बोलणं निघणार तेवढ्यात त्या स्वतःच मध्ये बोलल्या. मुलाच्या बापाला म्हणाल्या की दादा, आधी एक ऐका. ते पुण्याचं शेत नुसतं कागदावर हाय, आमचं म्हणून गावात काहीच न्हाई. उद्या हे कळून पोरीला बोल लागण्यापेक्षा आजच सांगते.

बैठकीत सगळे खाली बघायला लागले. त्यांच्या स्वतःच्या भावानंही कपाळाला हात लावला.

"मग?" काकांनी विचारलं.

"मग ते म्हनले," अनसूयाबाई म्हणाल्या, "बाई, आमचं उलटं हाय. आमचं शेत गावात हाय, कागदावर न्हाई. थोरल्या भावानं समदं आपल्या नावावर लावून घेतलंय. मला बी कवापासून सांगायचं व्हतं."

त्याच बैठकीत पोरीला कुंकू लागलं. काकांनी नोटिशीचं उत्तर त्याच दुपारी पाठवलं.

*

आता मुळे काकांचाच एक सांगते. त्यांनी मला सांगायची परवानगी दिलेली आहे, म्हणजे नाही म्हणालेले नाहीत.

सगळ्या सेलूची पॅन-आधार जोडून देणारे काका, आणि त्यांचं स्वतःचंच जोडलेलं नव्हतं. हे मला कळलं ते त्यांचा रिफंड अडकला तेव्हा. मी विचारलं तर म्हणाले, बघू गं, होईल. दुसऱ्याच्या कामात एक दिवस चालढकल न करणारा माणूस स्वतःच्या कामाला बघू म्हणतोय, याचं मला नवल वाटलं. शेवटी मीच बघितलं. दोन्हीकडं जन्मतारीख वेगळी होती. पॅनवर एक साल आणि आधारवर त्याच्या तीन वर्षं आधीचं.

काका दाराकडं बघत, आवाज बारीक करून बोलायला लागले. त्यांचं लग्न ठरलं तेव्हा काकूंपेक्षा ते एक वर्षानं लहान होते. मुलगा लहान म्हटलं तर सोयरीक मोडेल म्हणून घरच्या मोठ्यांनी तीन वर्षं वाढवून सांगितली. लग्न झालं, संसार झाला, पोरं मार्गी लागली, नातवंडं आली, पण ते सांगायचं राहूनच गेलं. पॅन काढताना शाळेचा दाखला लावला म्हणून तिथं खरी तारीख आली.

"आणि आधारवर?" मी विचारलं.

"आधारच्या कॅम्पात ही माझ्या शेजारी उभी होती," काका म्हणाले.

म्हणून त्यांनी तिथं लग्नातली तारीख सांगितली होती. पॅनवर ती खोटी तारीख चढवायला त्यांचं मन घेईना. आता आधार दुरुस्त करायचं तर दाखला लागणार, दाखला घरी कपाटात, कपाटाची किल्ली काकूंकडं. आणि दुरुस्त झालेलं आधार पोस्टानं घरी येणार, ते काकूच उघडणार. म्हणून त्यांनी रिफंडवर पाणी सोडायचं ठरवलं होतं.

मी काकूंना काही बोलले नाही. खरंच नाही. पण त्यांनी काकांना एवढी वर्षं पाहिलेलं, काकांचं कपाटाभोवती घुटमळणं त्यांना कळलंच असणार. एके दुपारी काकू स्वतः डबा घेऊन आल्या. डबा काकांच्या टेबलावर ठेवला, आणि पिशवीतून प्लॅस्टिकच्या कव्हरात घातलेला शाळेचा दाखला काढून माझ्या टेबलावर ठेवला.

काका उठून उभे राहिले. काकूंनी त्यांना खाली बसायला सांगितलं. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "अगं, मला लग्नाच्या दिवशीच कळलं होतं. यांच्या आत्याच बोलून गेल्या. म्हटलं, सांगतील कधीतरी, घाई काय आहे."

काका डबा उघडायला लागले. काकू जायला निघाल्या, आणि दारात थांबून म्हणाल्या, "आता तरी मोठ्या माणसाचं ऐकत जा."

*

शेवटचा सांगते तो रंगनाथ पौळांचा.

एका गावात दोन रंगनाथ मारोती पौळ होते. भावकीतले, जवळपास एकाच वयाचे. दोघांच्या बापांचं नावही एकच. गावानं त्यांची सोय लावली होती, एक मळ्यातला रंगनाथ आणि एक पारावरचा रंगनाथ, कारण त्याचं घर पाराला लागून होतं. दोघांची लहानपणापासूनची जोडी. गुरं एकत्र राखली, एकाच बैलगाडीत जत्रांना गेले, म्हातारपणी निराधारचा पगार उचलायलाही एकाच दिवशी बँकेत यायचे. रांगेत नाव पुकारलं की दोघं उठायचे आणि बँकेतले लोक हसायचे.

त्यातला पारावरचा रंगनाथ वारला. आजार असा नव्हता. सकाळी उठलाच नाही.

मयताची नोंद झाली, पण ती पुढं कुठंतरी भलत्याच आधार नंबरवर चढली. मळ्यातल्या रंगनाथांचा पगार बंद झाला. कागदोपत्री ते मेले होते.

ते आमच्याकडं आले तेव्हा मला वाटलं पगाराचं गाऱ्हाणं असेल. असल्या केसेस आमच्याकडं येतात. हयातीचा दाखला, पंचनामा, तलाठ्याचा अहवाल, सगळं ठरलेलं आहे. मी तसं सांगायला लागले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. पगाराचं मागाहून बघा म्हणाले, पोरं जेवायला घालतात, माझं काही अडलेलं नाही. अडलंय ते कौसाबाईचं.

कौसाबाई म्हणजे पारावरच्या रंगनाथाची बायको. मूलबाळ नव्हतं. एकटी राहिली होती. विधवा म्हणून तिला महिन्याचे पैसे मिळायला हवे होते, पण तिचा अर्ज परत आला होता. तिचा नवरा कागदावर जिवंत होता. वर त्याचा पगारही त्याच्या खात्यावर महिन्याच्या महिन्याला जमा होत होता, आणि तो उचलायला त्याचाच अंगठा लागत होता, म्हणून तिला हात लावता येत नव्हता. शेजारणी वाटीत कालवण आणून देत होत्या, त्यावर चाललं होतं.

"ताई," मळ्यातले रंगनाथ म्हणाले, "मी जिता झाल्याबिगर त्याला मरता येईना."

मग आम्ही धावपळ केली. मी अर्ज लिहिले, काकांनी तहसीलमध्ये जाऊन विचारपूस केली. ग्रामपंचायतीनं लिहून दिलं, तलाठी गावात येऊन गेले. रंगनाथ प्रत्येक वेळी कौसाबाईंना सोबत घेऊन एसटीनं यायचे. त्या पुढच्या सीटवर, हे मागच्या. बोलणं फारसं नव्हतंच. आमच्या बाकावर बसले तरी मध्ये एका माणसाची जागा मोकळी सोडून बसायचे. मी एकदा रंगनाथांना म्हटलं, तुमच्या मित्राचं काही सांगा की. तर म्हणाले, काय सांगायचं, आमचं दोघांचं एकच व्हतं समदं.

शेवटी नायब तहसीलदारांसमोर जबाब ठरला. मी आणि काका बरोबर गेलो. खोलीत एक टेबल, एक जबाब लिहिणारा कारकून, आणि समोर दोन खुर्च्या. एकीवर कौसाबाई, दुसरीवर रंगनाथ. साहेब वयानं तरुण होते, माणूस चांगला. त्यांनी आधीच सांगितलं की दोन्ही नावं सारखी असल्यामुळं सगळं बाईंच्या तोंडून यायला पाहिजे. आम्ही मध्ये बोलायचं नाही.

त्यांनी रंगनाथांकडं बोट करून विचारलं की हे तुमचे कोण. कौसाबाईंनी सांगितलं की भावकीतले दीर. हे जिवंत आहेत ना? त्यावर बाईंनी शेजारी पाहिलं आणि हो म्हणाल्या. कारकुनानं लिहून घेतलं. तुमचे यजमान कधी वारले, ते सांगितलं. कुठं, ते सांगितलं. अग्नी कुणी दिला, तर त्यांनी रंगनाथांकडं हात केला.

"आता मयताचं नाव सांगा," साहेब म्हणाले.

कौसाबाई गप्प झाल्या. त्यांच्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं असेल तेवढंच. एरवी सगळा जन्म 'आमच्या घरचे' म्हणण्यात गेलेला. आणि तेच नाव यांचंही, म्हणून या दिरालाही त्यांनी कधी नावानं हाक मारलेली नव्हती.

कारकून म्हणाला, साहेब, अर्जावर आहेच, मी लिहून घेतो. साहेबांनी मान हलवली. नाही, त्यांनी तोंडानं सांगू द्या, नाहीतर वरून परत येईल. बाई, एकदाच सांगा.

वरचा पंखा फिरत होता, त्याचाच आवाज येत होता. काका माझ्या शेजारी उभे होते, त्यांनी मान खाली घातली. रंगनाथ खिडकीबाहेर बघत बसले होते, कुठं बघत होते कुणास ठाऊक.

कौसाबाईंनी डोईवरचा पदर पुढं ओढला, तो हातानं हनुवटीखाली धरला.

"रंगनाथ," त्या म्हणाल्या.

आणि शेजारच्या खुर्चीवरच्या म्हाताऱ्यानं, खिडकीतून मान न वळवता, ओ दिली.